स्टँडर्ड मनगट

ताई, तुझ्या अंत्यविधीला मी घोळ घातलाच. तुला नवल वाटणार नाही म्हणा. घरातल्या कुठल्याच कार्यक्रमात मी घोळ घालायचा सोडलेला नाही, मग तुझाच कसा सोडणार?

अग्नी मीच दिला. भन्तेजी म्हणाले, आता सगळ्यांनी हात जोडून शांत उभं राहू या. सगळे उभे राहिले, आई तेवढी प्लास्टिकच्या खुर्चीत. लाकडं तडतडत होती, बाकी आवाज नाही. तेवढ्यात वारा फिरला, धूर माझ्या अंगावर आला, आणि माझ्या मनगटावरचा तुझा पट्टा शिट्टी मारायला लागला. लांबलचक, थांबायचं नाव नाही. कुकर विसरून कुणी बाजारात गेलंय असं वाटावं.

घरून निघताना तो काढून ठेवायला हवा होता. पण तो इतकी वर्षं हातावर आहे की आहे हेच लक्षात राहत नाही. खालून हिरवा दिवा नाडी बघतो, वरच्या जाळीतून हवा आत जाते आणि तिच्यातली धूळ, धूर मोजला जातो. हवा बिघडली की एक लांब शिट्टी, नाडी बिघडली की तीन तुटक. हे सगळं तूच ठरवलंस. शिट्टी बंद करायचं बटण त्यावर असणार नाही, हेही तूच ठरवलंस.

मी तो काढला, मुठीत दाबला, रुमालात गुंडाळला. शिट्टी चालूच. धूर कुणाचा आहे हे त्या डबीला कुठून कळणार? तिला धूर कळला, तिने सांगितलं.

शेजारी आपला विनू उभा होता, मावशीचा. कानाशी येऊन म्हणाला, "फोन बंद कर ना यार."

"फोन नाहीये."

"मग काय आहे?"

"ताई आहे," माझ्या तोंडून गेलं.

शेवटी बत्राजी पुढे आले. तुझे पार्टनर, तुझ्याबरोबर नोएडाच्या त्या पट्ट्यांच्या युनिटमध्ये आयुष्य घालवलेला माणूस. त्यांनी माझ्या हातातून रुमाल घेतला, कोटाच्या आत छातीशी धरला आणि पार्किंगकडे चालायला लागले. शिट्टी लांब लांब जात राहिली. परत आले तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाले, "मैडम ने बटन लगाने ही नहीं दिया. मैंने कितनी बार कहा था."

म्हणजे त्या भांडणात मी एकटा नव्हतो तर.

ते भांडण आपलं राहिलंच ना गं. दर रविवारी तुझ्याकडे जेवायला आलो की पोळीबरोबर ते असायचंच. मी म्हणायचो, "बटण दे ताई. माणूस मीटिंगमध्ये असतो, सिनेमाला बसलेला असतो."

"बटण दिलं की तू दाबणार."

"अर्थात दाबणार. बटण त्यासाठीच असतं."

"म्हणूनच नाही देणार. बिल्कुल नाही."

"मग लोक पट्टाच काढून कपाटात टाकतील."

"टाकू देत. टाकताना कळेल तरी, की आपण काहीतरी ऐकायचं टाळतोय."

यावर मी आणखी एक पोळी मागायचो. शिट्टी बंद करायची सोय जगात एकाच ठिकाणी होती, तुझ्या लॅपटॉपवर. तपासणी करताना सारखी वाजली तर कामं कशी व्हायची, असं तुझं म्हणणं. मला तेव्हा त्यात फक्त अन्याय दिसायचा. आम्ही ऐकायचं आणि तू मात्र गप्प करायचं. आता त्यात मला दुसरंच काही दिसतं. पण ते पुढे.

तू हे सगळं सुरू केलंस ते बाबांनंतर. बाबा ऑफिसातून आले, सोफ्यावर बसले, आईने चहा आणेपर्यंत गेलेले. तू नोकरी सोडलीस आणि म्हणालीस, बाबांच्या हातावर असं काही असतं, तर. तो "तर" तू कधी पुरा केला नाहीस. करोल बागेतून घड्याळाचे पट्टे आणलेस, त्यावर स्वतः सोल्डरिंगचे डाग देऊन सर्किट बसवलंस. पहिला पट्टा माझ्या हातावर बांधलास तेव्हा तो इतका गरम झाला की मी खुर्चीतून उठून नाचलो, आणि तू शांतपणे म्हणालीस, "नाडी वाढलेली बरोबर दाखवतोय."

जूनच्या घामात रबराच्या पट्ट्याने लोकांना पुरळ उठायचं. मग तू पानिपतला जाऊन तिथल्या विणकरांकडून कापडी पट्टा विणून आणलास. त्या दिवशी मी सगळ्यांना फोन करून सांगितलं की आपल्या माणसांपैकी कुणीतरी पहिल्यांदाच पानिपतहून जिंकून परत आलंय. तू हसली नाहीस. पण बत्राजींना तो विनोद हिंदीत समजावून सांगताना मी ऐकलंय तुला. अर्धा तास लागला होता आणि तरी त्यांना कळला नव्हता.

तुझी काम करायची एक पद्धत होती. नव्या लॉटमधले काही पट्टे आधी तुझ्या डाव्या हातावर चढायचे. आठवडाभर तू ते वागवायचीस, आणि तुझ्या जुन्या नोंदींशी ताडून बघायचीस. युनिटमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, मॅडमचं मनगट म्हणजे स्टँडर्ड. किराणा दुकानात शिक्क्याचं वजन असतं ना, ज्यावरून बाकीची वजनं तपासतात, तसं. तिथून पास झालेले पट्टे मग माझ्या हातावर यायचे. माझ्या मनगटाला तू "जनरल पब्लिक" म्हणायचीस.

जनरल पब्लिकने तुला खूप हसवलंय, एवढं समाधान मला आहे. आठवतं? एकदा आकडे बघून तू मला ऑफिसात फोन केलास. "गुड्डू, जेवणाच्या सुट्टीनंतर तुझी नाडी झोपलेल्या माणसाची दाखवतेय. पट्ट्यात गडबड आहे का?" मी केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, फाइल पुढे सरकवणं हे माझं काम, आणि त्या वेळी फाइल डोक्याखाली होती. मी म्हणालो, "हो हो, पट्ट्यातच गडबड असेल." तू म्हणालीस, "बरोबर दाखवतोय म्हणजे."

पट्ट्यात गडबड. हे दोन शब्द आता माझ्याने उच्चारवत नाहीत.

या थंडीत रस्ते झाडणाऱ्या बायकांसाठी तुमचा लॉट तयार झाला होता. दिल्लीची सकाळची हवा आणि त्यात झाडूने उडणारी धूळ, त्यांच्याइतकी कुणाच्या छातीत जात नाही, हे तू कितीतरी जणांना सांगून ते काम मिळवलं होतंस. आणि आयत्या वेळी तूच लॉट थांबवलास. त्या रविवारी जेवताना तुझं लक्ष नव्हतं. आईने विचारलं तर म्हणालीस, "नाडीच्या सेन्सरने डोकं उठवलंय. मधेच ठोका गाळतो. मधेच एकदम हळू दाखवतो. पट्टा बदलला, हिरवा दिवा बदलला, काच बदलली. तेच."

मग तू त्यातला एक माझ्या हातावर बांधलास. लॅपटॉपवर रेघ कशी छान नाचायला लागली. एकसारखी.

"तुझ्या हातावर नीट चालतोय," तू म्हणालीस. "म्हणजे जाड मनगटावर चालतो, बारीक मनगटावर नाही. त्या बायकांची मनगटं तुझ्यासारखी आहेत का? माझ्यासारखी आहेत. बायकांच्या हातावर चालत नसेल तर मी नाही पाठवणार. तुझी बायको नागपूरच्या लग्नाहून आली की तिला युनिटवर पाठव. वैशालीचं मनगट हवंय मला."

आणि मी काय म्हणालो, ताई? तोंडात घास होता, तरी बोललो. "माझ्यावर चालतो, तुझ्यावर नाही. सरळ आहे. तुझं मनगट खराब झालंय, बदलून घे."

तू हसलीस. आई हसली. मीही हसलो, स्वतःच्याच विनोदावर, नेहमीसारखा. जन्मभर मी त्या टेबलावर वायफळ बोललो आणि एकदाच खरं बोललो, तेही वायफळ समजून.

पुढच्या रविवारी मी ऑफिसच्या कामात होतो, आलो नाही. तू दुपारी जेवून दिवाणावर आडवी झालीस. पट्टा हातावर नव्हता. तो चार्जिंगला लावलेला होता.

त्यानंतर जो कुणी भेटायला येई, त्याला आई एकच सांगायची. "झोपेत गेली. तिलाही कळलं नाही." अगदी शांतपणे सांगायची. जय भीम घालून माणूस बसला की हे वाक्य, पाण्याचा पेला, आणि मग पुन्हा हेच वाक्य. आम्ही बघत होतो, या वाक्याला धरून आई उभी आहे.

वैशाली नागपूरचं लग्न आटोपून परतली, तीही तुला शेवटचं बघायलाच. मग आम्ही दोघं तुझं सामान आणायला युनिटवर गेलो. तुझी शाल खुर्चीवर होती. भिंतीशी खोके रचलेले, त्यांवर लाल चिकटपट्टी, म्हणजे नापास. वैशालीने ती उचलून तिची घडी घातली. मग म्हणाली, "ताईंनी मला मनगट घेऊन बोलावलं होतं. आलेय तर बांधा एक."

बत्राजींनी खोका फोडून पट्टा बांधला. तुला वैशालीचा हात माहीत आहे, तुझ्याहूनही बारीक. बांगड्या कोपरापर्यंत जातात. पडद्यावर रेघ आली. एकसारखी. बत्राजी बघत राहिले. दुसरा पट्टा बांधला. तिसरा. मग त्यांनी बाकावर डाग देत बसलेल्या मुलींना बोलावलं. सगळ्यांची मनगटं बारीक, आणि सगळ्या रेघा एका तालात कवायत करणाऱ्या.

मग त्यांनी तुझ्या नोंदी उघडल्या. ठोका, ठोका, ठोका, आणि मग काहीच नाही. मग जरा उशिराने, दमल्यासारखा, एक ठोका. कितीतरी दिवसांच्या तशाच. शेजारी तूच टाकलेली खूण, की इथली शिट्टी बंद केली आहे.

बत्राजींनी पडदा मिटला नाही. नुसती खुर्ची मागे घेतली. "मशीन ठीक थी जी," ते म्हणाले. "हम दोनों पट्टा खोल-खोल के देखते रहे."

मला तुझा राग आला, ताई. खरं सांगतो. जगातल्या कुठल्याच मनगटावर तुझा विश्वास नव्हता, फक्त स्वतःच्या होता. शिक्क्याच्या वजनाला कोण तोलून बघतं? बाबांसाठी तू ते यंत्र बनवलंस, ते बोललं, आणि तू त्याचीच दुरुस्ती करत बसलीस.

निघताना बत्राजी दारापर्यंत आले. "ये पट्टे भेजने हैं तो लिखना पड़ेगा कि रोके क्यों थे और अब पास कैसे हो गए. मैडम के दिल की बात मैं घरवालों से पूछे बिना नहीं लिखूँगा. आप मना करेंगे तो सब तोड़कर कबाड़ में दे दूँगा. माताजी से पूछ लीजिए."

गाडीत मी म्हणालो, "गेले खड्ड्यात पट्टे. आईला हे सांगायचं नाही." अक्षरधामच्या पुढे सिग्नलला गाडी थांबली तेव्हा वैशाली म्हणाली, "ताईंनी लॉट थांबवला तो त्या बायकांचा विचार करून. आपण थांबवतोय तो कुणाचा?"

"आईचा."

"आईंना विचारून?"

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. दिल्लीत विचार करायला कुणी वेळ देत नाही.

दोन दिवस मी टाळलं. मग एका दुपारी आई मटार सोलत बसली होती, तिच्यासमोर जाऊन बसलो आणि मीही सोलायला लागलो. सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून मटार यंदा कोवळे आहेत इथून केली. मग थंडी, मग बत्राजींची तब्येत. आईने पहाडगंजच्या मराठी शाळेत जन्म काढला आहे, पोरांची सोंगं तिला नवी नाहीत. वर न बघता म्हणाली, "गुड्डू, मुद्द्यावर ये."

आलो. सगळं सांगितलं. तुझी रेघ, वैशालीची रेघ, लाल चिकटपट्टी, बंद केलेली शिट्टी. ती शेंगा सोलत राहिली. काही दाणे टोपल्यात पडले, काही टरफलांत.

"म्हणजे पट्टा बरोबर होता," ती म्हणाली.

"हो."

"आणि तिला वाटलं, चुकला."

"हो."

तिने नवी शेंग उचलली आणि म्हणाली, "चौथीत गणिताच्या पेपरात हिने बरोबर आलेलं उत्तर खोडलं होतं. मीच तपासला तो पेपर. विचारलं, का गं खोडलंस? तर म्हणे, इतकं सोपं नसणार असं वाटलं." आईने हातातली शेंग खाली ठेवली. "मी मार्क दिले नव्हते. घरची पोरगी म्हणून तर मुळीच नाही."

मला वाटलं आता ती रडेल. ती रडली नाही. "त्या दुपारी मला वाटलं गाढ झोपलीय. मी चादर घातली अंगावर. गार लागेल म्हणून खिडकीही लावली." आणि मग, शाळेतल्या आवाजात, "बत्राला सांग, लिही म्हणावं सगळं. पट्टे पाठव म्हणावं. यंदा दे म्हणावं तिला मार्क."

पट्टे गेले, ताई. पण फुकट गेले नाहीत. आईचं ते 'तिलाही कळलं नाही' घेऊन गेले. आता कुणी भेटायला आलं तर ती पाणी देते आणि गप्प बसते. एकदा तिने मला विचारलं, "त्या दुपारी हातावर असता, तर?" तोच तुझा "तर". मी म्हणालो, माहीत नाही. खरंच माहीत नाही. स्वयंपाकघरात ती कधी कधी नुसती उभी असते, हातात झारा घेऊन, आणि गॅस पेटवलेला नसतो. मी बरोबर केलं की नाही, हे तुलाच विचारलं असतं.

परवा सकाळी ऑफिसला जाताना एक बाई रस्ता झाडत होती. धूर आणि धुकं मिळून समोरचं झाड दिसत नव्हतं. तिच्या हातावर तुझा पट्टा होता आणि तो लांब शिट्टी मारत होता. तिने झाडू टेकवला, नाकावर पदर ओढला आणि पट्ट्याकडे बघून म्हणाली, "चुप ही नहीं होता कमबख़्त! किसने बनाया है, बंद करने का बटन तक नहीं दिया."

माझी बहीण, असं ओठांवर आलं होतं. पण मी एवढंच म्हणालो, "मैंने भी यही कहा था."

ती हसली, आणि शिट्टी थांबेपर्यंत कडेला, टपरीच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. तुला हेच हवं होतं ना? तिने जरा बाजूला व्हावं, एवढंच?

इथवर लिहून झालं आणि रविवारी सकाळी मी ते वैशालीला वाचून दाखवलं. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेत लोकांसमोर बोलायला उभा राहिलो तेव्हा भावनेच्या भरात बत्राजींनाच भन्तेजी म्हणून बसलो होतो, म्हणून या वेळी लिहून काढलं. तुझं मनगट बदलण्याच्या विनोदापाशी आलो. तेवढ्यात हातावर तीन तुटक शिट्ट्या वाजल्या. थांबल्या. पुन्हा तीन.

माझं बोट आपसूक पट्ट्यावर फिरलं, बटण शोधत. असतं तर दाबलंच असतं, ताई. तू म्हणायचीस तसंच.

पुढे डॉक्टर काय म्हणाले ते तुला भेटल्यावर निवांत सांगेन. घाई करायची नाही, असं त्यांचंही म्हणणं आहे. पण तेव्हा मला एवढंच सुचलं होतं. मी चष्मा पुसला, कागद सारखे केले आणि वैशालीला म्हणालो, "काही नाही गं, पट्टा सैल झालाय."

ती उठली. किल्ल्या घेतल्या. म्हणाली, "पट्ट्याला हात लावू नका. चप्पल घाला, मी गाडी काढते."